कोमेजलेली कुंडी

चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्यातील इतर शाळांहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा शाळेच्या ओसरीवरील कुंडीत जास्वंद मान टाकून उभी असते. मुले धावत जाऊन तांब्यामागून तांब्या पाणी ओततात. उन्हातून वाचलेले झाड पुष्कळदा या मायेनेच मरते.

पाने गळणे म्हणजे मरण नव्हे. गावाभोवतीचा सागही उन्हाळ्यात निष्पर्ण होतो व पावसाळ्यात पुन्हा पालवतो. म्हणून प्रथम फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास फांदी जिवंत समजावी. कोरडी व तपकिरी असल्यास हिरवा भाग लागेपर्यंत ती छाटीत यावे.

नंतर बोट दोन पेरे मातीत घालावे. माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल, तर ओतलेले पाणी त्या फटीतून निघून जाते व मुळे कोरडीच राहतात. अशी कुंडी पाण्याच्या टपात ठेवावी. बुडबुडे थांबल्यावर काढून, निथळवून काही दिवस सावलीत ठेवावी.

माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर दुखणे निराळे आहे. मुळांनाही हवा लागते व ती मातीच्या कणांमधील पोकळ्यांत असते. तेथे सतत पाणी साचले की मुळे गुदमरून कुजतात, आणि ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानेने कोमेजते. बांधीतील पाण्यात धान सुखाने वाढताना पाहिलेल्या मुलांना याचे नवल वाटेल. परंतु धानाच्या रोपात वरून मुळांपर्यंत हवा पोहोचविणाऱ्या पोकळ्या असतात. जास्वंदीला ती सोय नाही.

अशा झाडाची मुळे बाहेर काढून पाहावीत. पांढरी, टणक मुळे राखावीत; काळी, लिबलिबीत मुळे कापून टाकावीत व त्या मानाने फांद्याही कमी कराव्यात. नुसती धानाची चिकण माती कुंडीत भरू नये. तीत वाळू व चांगला कुजलेला पाला मिसळावा. कुंडीऐवजी तेलाचा डबा असल्यास त्याच्या बुडाला छिद्रे पाडावीत. डबे रंगविण्याची हौस सर्वत्र दिसते, छिद्रांची आठवण क्वचितच राहते! खत नवी पालवी फुटल्यावरच द्यावे. दुखावलेल्या मुळांना ते सोसत नाही.

पाणी घालण्याची पाळी ज्या मुलाची असेल, त्याने आधी माती बोटाने पाहून ‘ओली’ किंवा ‘कोरडी’ अशी नोंद वर्गाच्या वहीत करावी. ‘ओली’ लिहिले, तर त्या दिवशी तांब्या उचलू नये.