हायब्रिड एसयूव्हीला काय जोडावे, काय टाळावे?

प्रश्न : गंगापूर रोडवरील एका कुटुंबाच्या नव्या हायब्रिड एसयूव्हीला सीट कव्हर, जादा दिवे आणि बुलगार्ड बसवणे योग्य ठरेल काय?

उत्तर : हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोन्हींवर चालणारे वाहन, त्यातील उच्च दाबाची मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी अनेक मॉडेलांत केबिनमधलीच हवा ओढली जाते आणि तिची जाळी आसनाच्या कडेला किंवा खाली असते, त्यामुळे जाड कव्हराची झालर किंवा गंगापूर धरणावरच्या सहलीची पिशवी त्या जाळीवर आली, की बॅटरी तापून वाहनाची ताकद घटू शकते. आसनातच बाजूची एअरबॅग असेल, तर तिथे न उसवणारी शिवण धोक्याचीच. जादा दिवे आणि डॅशकॅम १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती इंजिन फिरवत नसली तरी गाडीतील संगणक जागे करते, म्हणून ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असल्याने त्यांना बाहेरच्या वायरमनने हात लावू नये. बुलगार्डचा मोह मात्र सोडावाच. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतो, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. रबरी मॅट खुशाल घ्यावीत, फक्त चालकाकडचे मॅट हुकात अडकवलेले असावे.