शेवाळाला लागणारा विषाणू

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या शेततळ्यावर हिरवा तवंग येतो. त्या शेवाळालाही विषाणूची लागण होते म्हणे. तो असतो कसा? तळ्यात सोडता येईल का? – एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : तवंग बहुधा नील-हरित शेवाळाचा असावा. हे शेवाळ म्हणजे खरे तर जिवाणूच. त्यांच्या विषाणूंना सायनोफाज म्हणतात. पहिला अमेरिकेत १९६३ साली सापडला. भारतातली नोंद आर. एन. सिंग आणि पी. के. सिंग यांनी १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये केली.

सायनोफाजचे डोके म्हणजे वीस त्रिकोणी पृष्ठांचे प्रथिनांचे कवच, आत ठासून भरलेला डीएनए. खाली शेपूट : कुणाचे आखूड, कुणाचे लांब नि लवचीक, कुणाचे आकसणारे. मायक्रोसिस्टिस या शेवाळावरचा जपानी विषाणू तिसऱ्या प्रकारातला. डोके सुमारे ८६ नॅनोमीटर, शेपूट २०९. शेपटीचे बाहेरचे आवरण आखडते, आतली नळी इंजेक्शनच्या सुईसारखी पेशीत शिरते. डीएनए आत जातो, रिकामे कवच बाहेरच राहते. काही सागरी सायनोफाज तर प्रकाशसंश्लेषणाची जनुकेही बाळगतात. यजमान मरेपर्यंत त्याचे काम चालू राहावे म्हणून!

तळ्यात सोडायचे मात्र मनातून काढा. बहुतेक विषाणूंना ठरावीक वाणच चालतात, आणि शेवाळ विषारी असेल तर पेशी फुटल्या की त्यांतले विष पाण्यात उतरते. कुणी अशा विषाणूची बाटली विकायला आला तर घेऊ नका. आधी नमुना लातूर-नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. शेवाळ साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येते. तोवर ते पाणी जनावरांना पाजू नका.