आपले संकेतस्थळ लोकांना सापडावे म्हणून



गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या दिवसांत आमच्या रोपवाटिकेत उसाच्या रोपांचे ट्रे भरून उभे होते आणि गिऱ्हाईक नव्हते. महिना-सव्वा महिन्याचे रोप लागणीला तयार होते. त्यापुढे ट्रेमध्ये मुळ्या गुंततात, रोप नुसते लांबत जाते. घरच्या मुलांनी मोठ्या हौसेने रोपवाटिकेचे संकेतस्थळ काढले होते. पण गुगलवर आमच्या तालुक्याचे नाव घालून 'ऊस रोपे' असे शोधले, की दुसऱ्यांच्या रोपवाटिका दिसत, आम्ही कुठेच नाही.

तेवढ्यात एका एजन्सीचा फोन आला. "तीस दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी!" आम्ही भुललो आणि एकराच्या रोपांची किंमत होईल एवढी रक्कम भरली. तीस दिवस गेले, साठ गेले, काही झाले नाही. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने दहा मिनिटांत चूक शोधून काढली. त्या अनुभवातून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. गूळ, रोपे, गांडूळ खत विकणाऱ्या किंवा स्वतःचे पान काढू पाहणाऱ्या सभासदांना त्याचा उपयोग व्हावा.

१. शोधयंत्र काम कसे करते?

गुगल, बिंग ही शोधयंत्रे आहेत. त्यांचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा फिरण्याचा. त्यांचे संगणक एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर जात जगभरची पाने वाचतात. दुसरा टप्पा नोंदीचा. वाचलेले पान त्यांच्या वहीत चढते. तिसरा टप्पा क्रमाचा. कोणी प्रश्न टाकला, की वहीतल्या पानांतून योग्य वाटतील ती निवडून खालीवर लावली जातात.

आपल्याला हे नवे नाही. चिटबॉय शेतावर येतो, उसाची नोंद होते, मग तोडणीचा क्रम लागतो. नोंदच नसेल तर तोडणीची चिठ्ठी कुठून येणार? फरक एवढाच, की तोडणीचा क्रम हंगामात एकदा लागतो आणि शोधाचा क्रम प्रत्येक प्रश्नाला नव्याने लागतो.

२. आधी नोंद तपासा

गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलनची दोन टिंबे आणि पुढे जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. आपली पाने दिसली तर नोंद आहे. एकही दिसले नाही तर बहुधा नोंद नाही. पक्की खात्री करण्यासाठी गुगलचे 'सर्च कन्सोल' हे फुकट साधन आहे. तिथे मालकी सिद्ध केली, की कोणते पान वहीत आहे, कोणते नाही आणि का नाही, हे कळते. नव्या पानाची नोंद घ्या अशी विनंतीही तिथूनच करता येते.

आमची चूक इथेच होती. संकेतस्थळ वर्डप्रेसवर बांधले होते. त्याच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग' या भागात एक चौकोन असतो, शोधयंत्रांनी या स्थळाची नोंद घेऊ नये असे सांगणारा. बांधकाम चालू असताना मुलांनी तिथे खूण केली आणि नंतर काढायची राहिली. आम्हीच दाराला कडी लावून पाहुण्यांची वाट बघत बसलो होतो! एजन्सीने पैसे घेतले, पण कडी पाहिली नाही.

३. अक्षरे वाचता येतील अशी ठेवा

बऱ्याच जणांकडे छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो. तो डोळ्याला मराठी दिसतो, पण यंत्राला आत इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मोबाइलवर मराठी कळफलकाने आपण लिहितो ते युनिकोडच असते.

दुसरी सवय म्हणजे छापील पत्रकाचा फोटो काढून तोच पानावर चढवणे. फोटोतला मजकूर यंत्राला वाचता येईलच याचा भरवसा नाही. दर, जाती, पत्ता हे सारे टाइप करून लिहा. फोटो जरूर लावा, पण तो कशाचा आहे हे लिहायची जागा दिलेली असते, ती रिकामी सोडू नका.

४. गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द वापरा

आमच्या पहिल्या पानाचे शीर्षक होते 'स्वागत आहे'. स्वागत शोधायला कोण येतो? शेतकरी '८६०३२ ची रोपे', 'फुले २६५ रोपे', 'एकरी किती रोपे लागतात' असे शोधतो. म्हणून शीर्षकात माल, जात आणि तालुका आणला. बरेच लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यामुळे गावाचे आणि जातीचे नाव मजकुरात एकदा इंग्रजी लिपीतही घातले.

एका प्रश्नाला एक पान, आणि त्यात पूर्ण उत्तर. उदाहरणार्थ, एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. पाच फूट सरी आणि दोन फूट अंतर धरले तर एका रोपाला १० चौरस फूट, म्हणजे एकरी ४,३५६ रोपे. पाच बाय दीड फुटाला ५,८०८, चार बाय दोनला ५,४४५. एवढा साधा हिशेब आम्ही लिहून ठेवला, आणि फोन करणारे 'तुमचा तो तक्ता बघितला' असे म्हणू लागले. लागण जूनच्या शेवटी सुरू होणार असेल तर पान एप्रिलमध्येच लिहा. शोधात फरक पडायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

एकच शब्द पन्नास वेळा कोंबण्याचा उपयोग नाही. पानाच्या मागे लपवून 'की-वर्ड' भरण्याची जुनी युक्तीही चालत नाही. ती यादी आपण क्रम लावताना वापरत नाही, असे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

५. दुसऱ्यांनी दिलेली साक्ष

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गुगल उभे केले, त्याच्या मुळाशी एक विचार होता: ज्या पानाकडे इतर पाने दुवा देतात ते महत्त्वाचे, आणि दुवा देणारे स्वतः वजनदार असेल तर त्याची साक्षही वजनदार. आज क्रम लावताना इतर पुष्कळ गोष्टी पाहतात, तरी दुव्याला मोल आहे. शेतकरी उत्पादक कंपनी, शेतीविषयक लेख लिहिणारे, आपल्याकडून रोपे नेणारे संस्थाचालक यांच्या पानावर आपला उल्लेख यावा असे काम करा.

विकतचे दुवे मात्र घेऊ नका. अशा खोट्या साक्षींना आळा घालण्यासाठी गुगलने २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, आणि अनेक स्थळे एका दिवसात खाली गेली. आमच्या एजन्सीने हेच केले होते. कुठल्या कुठल्या परदेशी पानांवर आमच्या रोपवाटिकेचे नाव!

६. मोबाइल, वेग आणि नकाशा

आपला गिऱ्हाईक बांधावर उभा राहून मोबाइलवर बघतो. गुगलही आता पानाचे मोबाइलवरचे रूपच प्रमाण धरते. फोटो चार-पाच एमबीचे असतील तर लहान करून चढवा. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणीचे 'एचटीटीपीएस' असू द्या. २०१४ पासून क्रम लावताना त्याचाही थोडा विचार होतो.

'गुगल बिझनेस प्रोफाइल' फुकट आहे. त्यात नाव, वेळ, फोन भरला आणि पडताळणी झाली, की रोपवाटिका नकाशावर दिसते. जवळच्या गिऱ्हाइकासाठी आम्हाला याचाच उपयोग सर्वात जास्त झाला. २०२४ पासून गुगल काही प्रश्नांची तयार उत्तरे एआयकडून वरच देते, त्यामुळे नुसती माहिती वाचणारे पानापर्यंत येतीलच असे नाही. ज्याला माल घ्यायचा आहे त्याला मात्र पत्ता आणि फोन लागतोच.

७. दोन इशारे

पहिला: पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही. गुगल स्वतःच तसे सांगते. पैसे देऊन जाहिरात वर लावता येते, पण तिच्यावर जाहिरात असा शिक्का असतो. खालच्या साध्या निकालांत पैसे भरून जागा मिळत नाही.

दुसरा: संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. बनवून देणाऱ्याच्या नावावर ठेवणे म्हणजे विहीर आपण खोदायची आणि सातबारा दुसऱ्याचा. नूतनीकरणाची तारीखही वहीत लिहून ठेवा.

स्वाध्याय

या आठवड्यात प्रत्येकाने चार कामे करावीत. नोंद आहे का ते पाहावे. पहिल्या पानाचे शीर्षक बदलावे. गिऱ्हाईक फोनवर नेहमी विचारतात असे पाच प्रश्न कागदावर लिहावेत. त्यातल्या एकाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत, खऱ्या आकड्यांसह पानावर चढवावे.

आमचे पान आजही प्रत्येक शोधात पहिले येत नाही, आणि तसे यावे असा हट्टही नाही. यंदा मात्र एकही ट्रे उकिरड्यावर टाकावा लागला नाही. जे आम्ही पैसे घालवून शिकलो, ते आपण वाचून शिकावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.