मधलाच भाग हाती आला तर

गिरगावात आमच्या पिढीला वाचनाचा नाद लागला तो बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर. हजाराहून जास्त पुस्तकं, पण झुंजार असो की काळापहाड, कुठलंही उचला आणि बसा वाचायला, काही अडत नाही. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथाही एकेकट्या वाचाव्यात अशाच. त्यामुळे खोताच्या वाडीतल्या व्हरांड्यात आयझॅक असिमॉव्हचं ‘फाउंडेशन्स एज’ उघडताना ते मालिकेतलं चौथं पुस्तक आहे, याचं काही वाटलं नाही. वाचनालयात तेवढंच होतं.

पुस्तक सुरेख आहे. तिसऱ्या भागानंतर २९ वर्षांनी, १९८२ साली आलेलं. पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मागची कथा सुरुवातीलाच थोडक्यात सांगितलेली, त्यामुळे नवखा वाचकही अडखळत नाही. ट्रेव्हाइझ आणि पेलोराट विस्मरणात गेलेली पृथ्वी शोधायला निघतात, आपणही त्यांच्यासोबत. धोका आहे तो इथेच. ‘दुसरं फाउंडेशन’ ही मालिकेतली गुप्त संस्था कुठे दडलीय, हे या पुस्तकात सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं सहज येऊन जातं.

त्या गुपिताचं मोल पुढे ‘सेकंड फाउंडेशन’ हा तिसरा भाग वाचताना कळलं. शेवटाकडे काही माणसं एका घरात जमतात. प्रश्न एकच: दुसरं फाउंडेशन आहे तरी कुठे? एकाचं म्हणणं पटतंय तोवर दुसरा ते खोडून वेगळंच उत्तर देतो, आणि तेही पटतं. खरं उत्तर त्यांना मिळतच नाही. ते लेखक अगदी शेवटी फक्त वाचकाच्या कानात सांगतो. १९४९-५० साली ही कथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्रमशः आली, तेव्हा लोकांनी काय काय तर्क लढवले असतील! मला त्यातला एकही लढवता आला नाही. हे सुख एकदाच मिळतं, म्हणून जीव तुटतो.

तेव्हा पुस्तक घेताना आधी प्रकाशनाचं साल बघा. १९५१, ५२ आणि ५३ची तीन पुस्तकं आधी, मग १९८२ आणि ८६ची. जुनी तिन्ही मिळेपर्यंत चौथं कपाटात राहू द्या. निदान त्याची प्रस्तावना तरी उघडू नका, कारण ती मागचं सगळं सांगून टाकते.

आणखी एक. १९८८च्या ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’मध्ये असिमॉव्हने पुस्तकांची यादी दिली आहे, पण ती कथेतल्या काळानुसार. त्या क्रमाने गेलात तर फाउंडेशनचा संस्थापक, तरुण हॅरी सेल्डन आधी भेटेल. तसं करू नका. १९५१च्या पुस्तकात तो म्हातारा आहे, खटल्याला उभा आहे, आणि आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार हे शांतपणे सांगतोय. त्याला आधी तिथे भेटा. त्याच्या तरुणपणात काय घडलं असेल, ही उत्सुकता तिथून येते.