आधी खोली, मग स्पीकर

टॉवर स्पीकर घेणाऱ्याला शहाणपण येतं ते पैसे भरून झाल्यावर. मीही त्याच पंगतीतला, म्हणून हे शहाणपण इतरांना आगाऊ वाटण्याचा थोडा हक्क सांगतो. दुकानातल्या ज्या आवाजावर माणूस भाळतो, तो आवाज टेम्पोत चढत नाही. घरी येतात ती वीस-पंचवीस किलोची दोन खोकी. महिनाभरात गाणं घुमायला लागतं, डग्ग्याचा प्रत्येक बोल एकसारखा 'भुम्' वाजतो, निवेदकाचा आवाज रांजणातून आल्यासारखा येतो. मग महागड्या वायरी, नवा अ‍ॅम्प्लिफायर असे उपचार सुरू होतात. रोग तिथे नसतोच. माझं म्हणणं एवढंच, की मोठ्या स्पीकरची परीक्षा खोलीपासून सुरू करावी. खोली त्या परीक्षेत उतरत नसेल, तर टॉवर कितीही नामांकित असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

यामागचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचं नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर धावतो. म्हणजे 40 हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर, जवळपास 28 फूट लांब. आपल्या फ्लॅटमधला हॉल केवढा? समजा 11 फूट बाय 15 फूट, आणि छत साडेनऊ फुटांवर. ही लाट त्यात मावत नाही. ती भिंतीवरून परतते, मागून येणाऱ्या लाटेत मिसळते आणि काही ठरावीक सुरांना खोली स्वतःच साथ देऊ लागते. हे सूर कागदावर काढता येतात: आवाजाच्या वेगाला समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. वरच्या हॉलसाठी ते सुमारे 38, 51 आणि 60 हर्ट्झ येतात. अशा सुराचा जोर भिंतीलगत सर्वांत जास्त असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. पडताळा घ्यायचा असेल तर मोबाइलवरच्या टोन जनरेटरने 38 हर्ट्झचा अखंड सूर स्पीकरमधून बेताच्या आवाजात लावावा आणि हॉलच्या लांबीतून चालत जावं. मागच्या भिंतीला पाठ टेकली की सूर छातीत घुमतो. मध्यावर आलं की कुणी बटण बंद केल्यासारखा विरतो. स्पीकर तोच, सूर तोच, बदलली फक्त आपली जागा. कुठल्या कंपनसंख्येखाली खोलीचा असा अंमल चालतो, याचं सूत्र मानफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दिलं आहे. लाद्यांच्या, थोड्या घुमणाऱ्या अशा हॉलला ते सुमारे 200 हर्ट्झचा आकडा देतं. टॉवरसाठी आपण जादा पैसे मोजतो ते मुख्यतः या 200 च्या खालच्या प्रदेशासाठी, आणि तिथला सातबारा खोलीच्या नावावर असतो.

टॉवरची खरी अडचण इथेच आहे. गायक मधोमध, तबला डावीकडे, हार्मोनियम उजवीकडे आणि तंबोरे मागे अशी मैफल समोर उभी राहायची, तर दोन स्पीकर आणि श्रोता मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो आणि स्पीकर भिंतींपासून सुटे असावे लागतात. खालचे सूर मात्र वेगळीच जागा मागतात, आणि ती प्रत्येक खोलीत निराळी असते. टॉवरमध्ये ट्वीटर आणि वूफर एकाच कॅबिनेटमध्ये जखडलेले. एकाची सोय पाहिली की दुसऱ्याची गैरसोय ठरलेली. वूफर मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज 86 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. टॉवर भिंतीला टेकवला तर तो खड्डा वर सरकतो, पण खर्ज सुजतो. आपल्याकडे तर जागा टीव्ही युनिट ठरवतं. एक टॉवर कोपऱ्यात आणि दुसरा बाल्कनीच्या दाराशी, अशा मांडणीत डाव्या-उजव्याचाही खर्ज जुळत नाही.

यावर जाणकार उलट पुरावा ठेवतील, आणि तो कच्चा नाही. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी 2004 मध्ये 70 स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारं सूत्र मांडलं. त्यात स्पीकर किती खालच्या सुरापर्यंत पोचतो याला सुमारे 30 टक्के वजन आहे. खर्ज इतका मोलाचा असेल तर मोठं खोकं का नको? खर्ज मोलाचा आहे, हे मला मान्यच आहे. पण उरलेले 70 टक्के बाकीच्या सुरांच्या समतोलाचे आणि सलगपणाचे आहेत, आणि तिथे चांगला बुकशेल्फ स्पीकर टॉवरला हार जात नाही. पुष्कळदा एकाच मालिकेतल्या दोघांचा ट्वीटरही एकच असतो. राहिला खर्ज. खोल खर्ज, लहान खोकं आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, असा या धंद्यातला जुना दंडक आहे. तो हॉफमनच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये हवाबंद कॅबिनेटचा एआर-1 आणला आणि फडताळावर मावणाऱ्या खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत त्यांनी वॉटमध्ये मोजली. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा एकेक वॉट महाग असताना खोकं मोठं करण्यात शहाणपण होतं. आज वॉट स्वस्त आहे आणि चौरस फूट महाग. लहान जोडीला सबवूफर दिला आणि 80 हर्ट्झच्या आसपास कामाची वाटणी केली, की खर्ज त्याला मानवेल त्या जागी बसवता येतो. एवढ्या खालचा आवाज कुठल्या दिशेने आला, हे कानाला सहसा सांगता येत नाही. ट्वीटर मैफलीसाठी, सबवूफर खोलीसाठी, असा तो रास्त संसार आहे.

'आम्ही कानांनी ऐकून घेतो, सूत्रं हवीत कशाला?' हा पुढचा आक्षेप. कानांबद्दल माझी तक्रार नाही, डोळ्यांबद्दल आहे. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच 40 जणांनी चार स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर ऐकून गुण दिले. उघड्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण चढले आणि लहान, स्वस्त संचाचे घसरले. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. स्पीकरची खोलीतली जागा बदलल्यावर पडद्याआडून जो फरक लोकांना स्पष्ट जाणवत होता, तो स्पीकर दिसू लागताच बराचसा बुजला. म्हणजे खोलीचा दोष ऐकू येऊ नये याची व्यवस्था खरेदीच्या दिवशी आपले डोळेच करतात. त्यात दोन स्पीकरांमध्ये जो किंचित मोठ्याने वाजतो तोच सरस वाटतो, ही कानाची खोड. घरी रोज दिसून टॉवरची नवलाई सरली, की मग कान बोलू लागतात.

'मोठा स्पीकर हळू लावला तरी भरदार वाटतो,' असंही ठामपणे सांगितलं जातं. आवाज कमी केला की खालचे सूर ऐकण्याची कानाची ताकद इतर सुरांपेक्षा लवकर घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं. हा कानाचा स्वभाव आहे, आणि त्यावरचा उतारा टोन कंट्रोल किंवा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं लाउडनेसचं बटण. मोठ्याने वाजवताना मोठा वूफर कमी फाटतो, हे मात्र खरं. पण फ्लॅटमध्ये मोठ्याने म्हणजे किती? 87 डेसिबल संवेदनशीलतेची साधी जोडी अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला एकेका वॉटमध्ये 80 डेसिबलच्या आसपास ऐकवते. मागणी काय ऐकतो यावरही ठरते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. आणि तिचंही वैभव मूळ सुरापेक्षा जवारीतून उमलणाऱ्या वरच्या स्वरांत जास्त. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं. त्याआधीच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या, त्यांत खर्ज जवळजवळ नाहीच. ख्याल, नाट्यपदं, भावगीतं हा ज्याचा रोजचा आहार, त्याला 60 हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा स्पीकर पुरतो. बास गिटारची जाड तार 41 हर्ट्झवर आणि पियानोची शेवटची पट्टी 27.5 वर आहे. सिंफनी, ऑर्गन किंवा सिनेमाच्या दर्दीने खालची मजल जरूर मागावी.

'घुमलं तर रूम करेक्शन करू,' हा नव्या पिढीचा युक्तिवाद. त्यात अर्धं तथ्य आहे. सॉफ्टवेअर फुगलेला सूर खाली दाबू शकतं, आणि ते जरूर वापरावं. पण जिथे खोली आवाज खाऊन टाकते, तिथे वरून ताकद ओतली तर परतणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि खड्डा होता तिथेच राहतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर मात्र दमतात. खड्ड्यावर इलाज एकच: स्पीकर तरी हलवा, नाहीतर सोफा. टॉवर हलवायला जागा असली पाहिजे, म्हणून गाडी पुन्हा खोलीपाशीच येते.

माहितीपत्रकावरचे आकडे बहुधा बिनखोलीचे असतात, हे लक्षात ठेवून वाचावं. '35 हर्ट्झ ते 25 किलोहर्ट्झ' एवढंच छापलेलं असेल आणि अधिक-उणे किती डेसिबल हे नसेल, तर ती ओळ सोडून द्यावी. संवेदनशीलता 2.83 व्होल्टवर दिलेली असते. तेवढ्याला 8 ओहमचा स्पीकर 1 वॉट घेतो आणि 4 ओहमचा 2. म्हणून 4 ओहमच्या टॉवरचे 90 डेसिबल हे वॉटच्या हिशेबात 87 च. मानकानुसार 8 ओहम छापलेल्या स्पीकरचा अडथळा कुठेही 6.4 च्या खाली जाऊ नये, पण कित्येक टॉवर जातात, आणि भुर्दंड अ‍ॅम्प्लिफायरला पडतो. 200 हर्ट्झच्या वरचा स्वभाव पाहायचा तर सीटीए-2034 पद्धतीचे आलेख मिळतात का ते शोधावं. त्यात उभ्या-आडव्या प्रदक्षिणेत दर 10 अंशांवर स्पीकर मोजलेला असतो.

घेतल्यानंतरचं बाळगणंही खोलीच्या आणि हवेच्या हातात आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत वूफरच्या कडेचं फोमचं कडं दहा-पंधरा वर्षांत पिठूळ होतं; बोट लावलं तर काळा, चिकट चुरा हाताला येतो. जुनी जोडी घेताना जाळी काढून हे आधी पाहावं. रबराचं कडं पुष्कळ जास्त टिकतं. ओलीच्या भिंतीलगत एमडीएफचा तळ फुगतो. टोकदार स्पाइक लादीवर ओरखडे काढतात, आणि लहान मूल धरून उभं राहू पाहील तर अरुंद टॉवर कलंडू शकतो. शेजाऱ्यांचंही पाहावं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबलची, पण त्या मोजणीत 50 हर्ट्झचा आवाज 30 डेसिबलनी कमी धरला जातो. मीटरला जो खर्ज जाणवत नाही, तो स्लॅबमधून खालच्या बिऱ्हाडात बरोबर उतरतो.

मग टॉवर कुणी घ्यावाच नाही का? ज्याच्याकडे अठरा-वीस फुटांची दिवाणखान्याची खोली आहे, जो स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे कायमचे ठेवू शकतो आणि नऊ-दहा फुटांवर बसून ऐकतो, त्याने खुशाल घ्यावा. सबवूफर जुळवण्याच्या खटपटीतून तो वाचेल, आणि चांगला टॉवर तिथे आपला मोठेपणा सिद्ध करील. जमिनीवर गादी घालून बैठक मारणाऱ्याने मात्र कानाची उंची आणि ट्वीटरची उंची आधी ताडून पाहावी. टॉवरचा ट्वीटर खुर्चीवर बसलेल्याच्या कानाशी जुळवलेला असतो, गादीवर बसलेल्याच्या नाही.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी एक बिनखर्चाचं काम करावं. टॉवरच्या तळाच्या मापाची रद्दी दोन ठिकाणी जमिनीवर चिकटवावी, तिच्यावर तेवढ्याच उंचीपर्यंत पुठ्ठ्याची खोकी रचावी आणि आठवडाभर तसंच राहावं. बाल्कनीचं दार पूर्ण उघडतं का, केर काढता येतो का, सोफा मागच्या भिंतीपासून फूटभर तरी सुटतो का, हे आठ दिवसांत दिसतं. हे जमलं तर दुकानदाराकडे घरी ऐकून पाहण्याची मुदत मागावी. आपल्या नेहमीच्या चार रेकॉर्डिंग नेहमीच्याच आवाजात लावाव्यात, लहान जोडी शेजारी ठेवावी, दोन्हींचा आवाज सारखा करावा आणि मधे चादर टांगून घरातल्या कुणाला तरी वायरी बदलायला सांगावं. चादरीआडूनही टॉवरच सरस वाटला, तर तो घ्यावा. पण रचलेली खोकी तिसऱ्याच दिवशी कुणी कोपऱ्यात सरकवून ठेवली, तर समजावं की टॉवरही तिथेच जाणार आहे. आणि कोपऱ्यातून तो कसा वाजेल, याचा हिशेब वर मांडलेलाच आहे.