शाळेतील सलोखा : द्विशिक्षकी शाळेतील मतभेद व त्यांचे निवारण

उद्देश : लहान शाळांतील सहकाऱ्यांमध्ये होणारे मतभेद कसे वाढतात हे समजून घेणे, ते वेळीच व परस्परांचा मान राखून मिटविण्यासाठी केंद्रस्तरावर कोणती साधी व्यवस्था उभारता येईल, आणि त्या व्यवस्थेच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार करणे.

१. प्रास्ताविक

एकत्र काम करणाऱ्या माणसांत मतभेद व्हावयाचेच. घरात भांड्याला भांडे लागते, तसे ते शाळेतही लागते. भांडे लागले म्हणून कोणी संसार मोडीत नाही. परंतु लागलेला आवाज मनात धरून बसले, म्हणजे मात्र संसारही चालत नाही आणि शाळाही चालत नाही.

समजा, ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर पहिली ते चौथीची शाळा आहे. खोल्या दोन, शिक्षक दोन, मुले चाळीस-पंचेचाळीस. मुख्याध्यापक वयाने ज्येष्ठ आहेत. सहशिक्षक बदली होऊन नुकतेच आलेले आहेत. एके दिवशी सहशिक्षकांची एस.टी. चुकली व ते वीस मिनिटे उशिरा पोहोचले. मुख्याध्यापकांनी काही न बोलता शिक्षक-हजेरीपटावर लाल शाईने खूण केली. सहशिक्षकांनीही काही न बोलता ती पाहिली. मागील पंधरवड्यात मुख्याध्यापक तीन वेळा पंचायत समितीच्या बैठकीस गेले असता चारही वर्ग सहशिक्षकांनी एकट्याने सांभाळले होते. त्याची खूण मात्र कोणत्याही पटावर झाली नव्हती.

त्या दिवसापासून दोघांचे बोलणे थांबले. खडू संपले, तर तिसरीतील एखाद्या मुलीबरोबर निरोप जाऊ लागला. ती मुलगी दाराशी थबकते. कोणत्या गुरुजींचा निरोप कोणत्या स्वरात सांगावा, म्हणजे आपल्यावर राग निघणार नाही, हे ती हळूहळू शिकते. पाठ्यपुस्तकात नसलेला हा धडा तिला दोन्ही शिक्षक मिळून देत असतात. शाळेतील कलहाची खरी किंमत तीच मुलगी मोजते, म्हणून या विषयाचा विचार अगत्याने केला पाहिजे.

२. तिसऱ्या माणसाची उणीव

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांस तीन आणि ९१ ते १२० मुलांस चार शिक्षक असावयाचे असतात. अर्थात लहान गावातील वा वस्तीवरील शाळा ही बहुधा दोघांचीच शाळा होय.

मोठ्या शाळेत दोघांचे बिनसले, तर तिसरा सहकारी मधल्या सुट्टीत दोघांनाही चहाला बसवितो आणि निम्मा वाद तेथेच विरतो. द्विशिक्षकी शाळेत हा तिसरा माणूसच नसतो. मग त्याची जागा भलतेच कोणी घेते. कधी निरोप नेणारे मूल, कधी पोषण आहार शिजविणाऱ्या बाई, कधी शाळा व्यवस्थापन समितीचा एखादा सदस्य. शिक्षकांचे गाऱ्हाणे एकदा पारावर गेले, की गावात दोन तट पडण्यास वेळ लागत नाही. राईचा पर्वत होतो तो असा.

तात्पर्य, जेथे तिसरा माणूस आपोआप मिळत नाही, तेथे तो आधीच ठरवून ठेवावा लागतो. भांडण पेटल्यावर मध्यस्थ शोधू गेल्यास प्रत्येक पक्ष स्वतःच्या बाजूचाच मनुष्य शोधतो.

३. कलहाची मुळे व आदराचे आचरण

शाळेतील बहुतेक वाद तत्त्वाचे नसतात. ते वाटणीचे असतात. वर्गांची वाटणी, बैठकांस कोणी जावयाचे याची वाटणी, रजेची वाटणी, नोंदवह्या व माहितीपत्रके भरण्याच्या कामाची वाटणी, आणि सर्वांत शेवटी श्रेयाची वाटणी. भेटीस आलेल्या अधिकाऱ्यांपुढे सहकाऱ्याचे काम स्वतःच्या नावावर सांगितले गेले, तर ते शल्य वर्षानुवर्षे राहते. त्यातच ज्येष्ठास वाटते, कानामागून आली आणि तिखट झाली. कनिष्ठास वाटते, वयाचा मान मागणारे कामाचा मान देत नाहीत.

यास्तव आदर म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. आदर रोजच्या लहान कृतींत दिसतो. आधी विचारावे, मग लिहावे. वरील उदाहरणात मुख्याध्यापकांनी ‘आज गाडी चुकली का?’ एवढे विचारून मग नियमाप्रमाणे खूण केली असती, तर शाई तीच असती, पण जखम झाली नसती. चूक दाखवावयाची ती एकांतात, प्रशंसा करावयाची ती चारचौघांत. मुलांसमोर सहकाऱ्याचा एकेरी उल्लेख करू नये. बाहेरगावी जाताना पुढच्या दिवसाचे काम फळ्यावर लिहून ठेवावे. शिक्षिकेच्या मताला ‘बाईंना यातले काय कळते’ असे म्हणून बाजूस सारू नये. जात, धर्म, बोली किंवा मूळ गाव यांवरून थट्टा करू नये. जी थट्टा एकालाच हसविते ती थट्टा नसते.

४. महाराष्ट्रातील परंपरा व अनुभव

तंटा न्यायालयाबाहेर मिटविण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीत वतनाचे वाद गोतसभेपुढे येत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. चार जाणत्यांसमोर बोलणे व ठरलेले लिहून ठेवणे, हे त्या पद्धतीतील दोन गुण आजही घेण्याजोगे आहेत. तिचा दोषही विसरता कामा नये. पंचांच्या पंक्तीत स्त्रियांना आणि दलितांना बरोबरीचे स्थान नव्हते. पुढे काही जातपंचायतींनी न्यायाच्या नावाखाली कुटुंबांना वाळीत टाकले. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला व तो जुलै २०१७ पासून अंमलात आला. ज्या समेटात दुबळ्याला गप्प बसविले जाते, तो समेट नव्हे, हा यातील बोध.

अलीकडील मोठा प्रयत्न म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ती १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. ग्रामसभेतून तंटामुक्त गाव समिती निवडावी, तिने दोन्ही पक्षांस समोरासमोर बसवून सामोपचाराने तंटे मिटवावेत, आणि फौजदारी तंट्यांपैकी कायद्याने आपसात मिटविता येण्याजोगेच तंटे हाती घ्यावेत, अशी तिची रचना होती. जुने तंटे मिटविण्याबरोबर नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून करावयाच्या उपायांनाही तीत स्थान होते. शाळांनी हेच अनुकरणीय मानावे. वाद मिटविणे चांगले. वाद होऊ न देणे त्याहून चांगले.

मोहिमेला ज्यांचे नाव दिले, त्या गांधीजींच्या आयुष्यातील एक प्रसंगही येथे उपयोगी आहे. ते १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या एका मोठ्या दाव्याच्या कामासाठी. प्रतिपक्षी तय्यब शेठ हे त्यांच्या अशिलाचे नातलगच होते. खटला लांबला तर दोघेही बुडतील हे ओळखून गांधीजींनी तो लवादाकडे नेण्यास दोघांचे मन वळविले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. पण सारी रक्कम एकदम भरावी लागली असती, तर तय्यब शेठ यांचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधीजींनी स्वतःच्याच अशिलाला विनवून पुष्कळ मुदतीचे हप्ते मान्य करवून घेतले. जिंकणे आणि वाद संपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हरलेल्याची प्रतिष्ठा राहिली, तरच वाद संपतो.

५. केंद्रातील स्नेही-मंडळ

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम व जिंतूर असे नऊ तालुके आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने तालुक्याच्या गावी गाऱ्हाणे घेऊन जाणे कोणालाही सोयीचे नाही. शिवाय वर गेलेले गाऱ्हाणे अर्ज होते, अर्जाची चौकशी होते, आणि चौकशीत दोन्ही माणसे कायमची दुरावतात. केंद्र मात्र जवळ आहे. शाळांनी पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

(अ) केंद्रातील शिक्षकांनी शिक्षण परिषदेत तीन किंवा चार सहकारी स्नेही म्हणून एकमताने निवडावेत. त्यांत निदान दोन शिक्षिका असाव्यात, आणि सर्व जण एकाच समाजाचे वा एकाच संघटनेचे नसावेत.

(आ) केंद्रप्रमुखांनी किंवा मुख्याध्यापकांनी आपल्या हाताखालील व्यक्तीच्या वादात स्नेही होऊ नये. ज्याच्या हाती अहवालाची लेखणी आहे, त्याच्यापुढे कोणी मन मोकळे करीत नाही. केंद्रप्रमुखांचे काम एवढेच, की अशी व्यवस्था आहे हे सर्वांस कळवावे व तिला वेळ मिळवून द्यावा.

(इ) कोणत्या स्नेह्याकडे जावयाचे हे वाद असणाऱ्यांनीच ठरवावे. येणे ऐच्छिक असावे. न येणाऱ्याविरुद्ध कोठेही नोंद होऊ नये.

(ई) स्नेह्यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून, कोणाचेही नाव न घेता, कोणत्या कारणांचे वाद वारंवार येतात याचा विचार करावा. बैठकांच्या फेऱ्यांवरूनच वाद होत असतील, तर ती गोष्ट माणसाच्या स्वभावाची नसून व्यवस्थेची आहे, आणि ती वर कळविली पाहिजे.

६. बैठकीची रीत

स्नेह्याने प्रथम दोघांस वेगवेगळे भेटावे व ऐकावे. सल्ला देण्याची घाई करू नये. नंतर शाळा सुटल्यावर, मुले व ग्रामस्थ नसताना, दोघांस एकत्र बसवावे. प्रत्येकाने आपले म्हणणे अखंड मांडावे. दुसऱ्याने ते मध्ये न तोडता ऐकून, ‘आपले म्हणणे असे आहे ना?’ असे स्वतःच्या शब्दांत सांगावे. पुष्कळदा गाठ येथेच सुटते. ‘तुम्ही नेहमी असेच करता’ यासारखी वाक्ये टाळून ‘त्या मंगळवारी असे घडले’ असे बोलावे. घडलेली गोष्ट सुधारता येते, स्वभावावरचा आरोप मात्र झेलावा लागतो.

वरील उदाहरणातील दोघे असे बसले असते, तर ज्येष्ठांना कळले असते की तीन दिवस चार वर्ग एकट्याने सांभाळणे काय असते. आणि सहशिक्षकांना कळले असते की उशिराची खूण न केल्याबद्दल मुख्याध्यापकांना पूर्वी एकदा बोलणी बसली होती. मग ठरावयाचे ते फार थोडे : बैठकीची तारीख आदल्या दिवशी सांगणे, जाणाऱ्याने चौथीचे गणित व तिसरीचे लेखन नेमून जाणे, गाडी चुकल्यास दूरध्वनी करणे, आणि काही लिहिण्यापूर्वी एकमेकांशी बोलणे. ठरलेल्या गोष्टी अर्ध्या पानावर लिहून दोघांनी आपापल्याजवळ ठेवाव्यात. त्याची प्रत कार्यालयात जाऊ नये. महिन्याने स्नेह्याने सहज येऊन विचारपूस करावी.

७. मर्यादा

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण येथे घातक ठरू शकते. सलोख्याच्या नावाखाली अन्याय झाकणे हे स्नेह्याचे काम नव्हे. पुढील बाबी स्नेही-मंडळाने हाती घेऊच नयेत.

स्त्रीचा लैंगिक छळ. विशाखा निकालाने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१३ साली स्वतंत्र कायदा झाला. दहापेक्षा कमी माणसे काम करतात म्हणून जेथे अंतर्गत समिती नाही, तेथील स्त्रीला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. लहान कार्यस्थळी तिसरा माणूस नसतो, ही उणीव कायद्यानेही ओळखली आहे. चौकशीपूर्वी समेट होऊ शकतो, पण तो समितीमार्फत, तक्रारदार स्त्रीने स्वतः विनंती केली तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर आधारलेला नसेल तरच. ‘मिटवून घ्या’ असा आग्रह धरण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नाही.

बालकावरील लैंगिक अत्याचार. २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशी गोष्ट ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा अपराध आहे. मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या अधिनियमानेच मनाई केली आहे. जातीवरून केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. पैशाचा वा धान्याचा अपहारही समेटाचा विषय नव्हे. अशा प्रसंगी स्नेह्याने एवढेच करावे : पीडित व्यक्तीस योग्य ठिकाण दाखवावे, आणि एकटे सोडू नये.

८. समारोप

मुले गुरुजींचे शब्द विसरतात, पण दोन गुरुजी परस्परांशी कसे बोलत हे विसरत नाहीत. भांडणानंतर पुन्हा बोलू लागलेली दोन मोठी माणसे पाहणे, हे नागरिकशास्त्राचे उत्तम प्रात्यक्षिक होय. ज्या दिवशी खडू मागण्यासाठी एक गुरुजी स्वतः दुसऱ्या खोलीच्या दाराशी जातील, त्या दिवशी ती तिसरीतील मुलगी आपल्या जागेवर बसून पाढे म्हणू शकेल.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत कामाची वाटणी कोणी व कशी ठरविली? ती लिहिलेली आहे काय?
२. मागील वर्षी सहकाऱ्याच्या कोणत्या कामाची आपण चारचौघांत प्रशंसा केली?
३. आपल्या केंद्रात स्नेही म्हणून कोणाची निवड व्हावी असे वाटते, आणि का?
४. पुढीलपैकी कोणते वाद स्नेह्याकडे न्यावेत व कोणते नेऊ नयेत, ते कारणांसह सांगा : रजेचा क्रम, मुलास मारणे, वर्गखोलीची वाटणी, जातिवाचक शब्द, बैठकीस जाण्याची पाळी.