लॉन की देशी झुडपं? ५०० चौरस फुटांचा हिशेब

इंदिरानगरात, वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या बाजूला, रो हाउसपुढची मोकळी जागा बहुधा पेव्हर ब्लॉकखाली जाते, नाहीतर लॉनखाली. पेव्हरपेक्षा लॉन केव्हाही बरं. पण नाशिकच्या साधारण ७०० मिमी पावसात ५०० चौरस फुटांच्या अंगणावर ३२ हजार लिटर पाणी पडतं. ते मुरणार की गटारात जाणार, हे ठरतं मातीवर.

आधी तपासा (खर्च शून्य)
फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. जिरल्यावर पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. भिजलेल्या चिकण मातीत तासाला १ ते ५ मिमी पाणी मुरतं, पोयट्यात १० ते २०. काळी माती उन्हाळ्यात तपासू नका. भेगांतून पाणी पळतं आणि आकडा फसवतो.

लॉन कुठे अडतं?
बांधकामात दबलेल्या मुरमावर चार इंच लाल माती पसरून गवताच्या लाद्या टाकल्या, की पाणी त्या सांध्यावर तुंबतं. गवताची मुळं वरच्या थरातच राहतात. वर चालणं, रोलर यांनी माती आणखी दबते. निर्गुडी, अडुळसा, कोरांटी यांची मुळं खोल जाऊन वाटा करतात. वाळ्याची तर दोन-तीन मीटर उतरतात. पालापाचोळा तसाच ठेवला तर गांडुळं उरलेलं काम करतात.

हिशेब
(दर अंदाजासाठी धरलेत; तुमच्या नर्सरीचे घालून पाहा.)

- दोन्हींसाठी: फूटभर खोदाई आणि दोन इंच कंपोस्ट, म्हणजे ८३ घनफूट, ब्रासला थोडं कमी: ८,००० रुपये.
- लॉन: २५ रुपये फुटाने १२,५००, माळी महिना १,५००. पहिलं वर्ष ३८,५००, पुढे दरवर्षी १८,०००.
- झुडपं: चार चौरस फुटांना एक, अशी १२५ रोपं ४० रुपयांनी ५,०००, तण काढायला महिना ५००. पहिलं वर्ष १९,०००, पुढे ६,०००.
- पाणी, फेब्रुवारी ते मे: लॉनला रोज २३० लिटर, एकूण २७-२८ हजार, दर उन्हाळ्याला. झुडपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला हजार लिटर, एकूण १७ हजार. मुळं धरली की बरंच कमी.

फसू नका
नर्सरीत शोभेची म्हणून मिळणारी घाणेरी देशी नाही. वन विभागाच्या रोपवाटिकेत रोपं स्वस्त पडतात. लागवड मृगाच्या पावसानंतर करा. काळी माती भिजली की फुगते, म्हणून पाणी मुरवायची जागा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा.

मुलांना खेळायला हिरवळ हवीच असेल, तर १५० फूट लॉन ठेवा आणि गच्चीचा पाइप उरलेल्या झुडपांकडे वळवा. बजेट तोकडं असेल तर रोपं कमी घ्या, पण खोदाई आणि कंपोस्टला कात्री लावू नका. दबलेल्या जमिनीत देशी झाडालाही वर्षानुवर्षं झगडावं लागतं.